पाणी उतरल्यावर

तलावाची मोजणी उन्हाळ्यात करतात. पावसाळ्यात तलाव तुडुंब असतो, तळाचा अंदाज येत नाही. पुढे धानाला पाणी सुटतं, उरलेलं हळूहळू आटतं आणि एप्रिल-मे उजाडेस्तोवर तळ उघडा पडतो. मग आम्ही लेव्हल मशीन, मोजणीची पट्टी आणि फील्ड बुक घेऊन उतरायचो. पाळीवरच्या पक्क्या खुणेपासून सुरुवात करायची, आडव्या ओळी आखायच्या, ठरावीक अंतरावर पट्टी उभी करायची, दुर्बिणीतून आकडा वाचायचा, लिहायचा, पुढे सरकायचं. पाटबंधाऱ्याच्या कामावर स्थापत्य सहायक म्हणून माझी सगळी नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत झाली आणि तिचा मोठा भाग अशा तळांवर चालण्यात गेला.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर जातो. सकाळी नऊनंतर तळावरची हवा तापून थरथरायला लागते आणि पट्टीवरचे आकडे दुर्बिणीत नाचायला लागतात. त्या वेळचं वाचन भरवशाचं नसतं. म्हणून उजाडताच काम सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत आटोपायचं, ही सगळ्या मोजणीवाल्यांची रीत. पक्ष्यांचीही तीच वेळ. पट्टीवाला पुढच्या जागी पोहोचेपर्यंत मशीनजवळच्या माणसाला दोन-चार मिनिटं मोकळी मिळतात आणि दुर्बीण समोर असतेच. मी पक्षी बघायला शिकलो तो असा. जुन्या डंपी लेव्हलमध्ये चित्र उलटं दिसायचं. शेकाट्याचे लांब लाल पाय मी पहिल्यांदा पाहिले ते आभाळाकडे गेलेले आणि त्यांच्याखाली उलटा लटकलेला पांढरा-काळा पक्षी. नावं नंतर कळत गेली. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाती आला तेव्हा फील्ड बुकच्या शेवटच्या पानांवर केलेल्या खुणांना एकेक नाव मिळालं.

चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, 1995 पासून व्याघ्र प्रकल्प. शहराच्या वेशीवर, वीज केंद्राच्या झुडपांत, खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरसुद्धा वाघ-बिबटे दिसतात आणि माणसं मरतात. ही काही कौतुकाने सांगायची गोष्ट नाही. जुनोन्याच्या जंगलातल्या तलावाकडे जाताना आमच्यासोबत वनरक्षक असायचा आणि दिवस कलायच्या आत निघायचं हा नियम कुणी मोडत नसे. तरी मला वाटत आलं आहे की वाघाकडे लागलेल्या या नजरेमुळे आपल्या पायाजवळचं एक मोठं वैभव आपण पाहायचं विसरलो. ते वैभव तलावांच्या काठावर आहे. काठावर, असं मी मुद्दाम म्हणतो.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. 1987 पासून ती चालू आहे आणि आपल्याकडचे पक्षिमित्रही तिच्यात भाग घेतात. मी जायला लागलो तेव्हा तलावाच्या आराखड्याची एक प्रत खिशात घेऊन जायचो. त्यावर कंटूर रेषा असतात, म्हणजे एकाच उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा. रेषा दाटीने असल्या तर तिथे उतार उभा, लांब लांब असल्या तर सपाटी. काही हिवाळ्यांनंतर माझ्या ध्यानात आलं की गाडीतून उतरण्याआधीच, नुसता नकाशा बघून, बदकं कुठे बसलेली असतील ते सांगता येतं. रेषा जिथे विसावल्या आहेत तिथे.

याचं गणित सोपं आहे. तुतवार, शेकाट्या, पाणलावा यांना चरायला बोटभर ते वीतभर पाणी लागतं. तलवार बदक, भुवई बदक ही मंडळी डोकं खाली आणि शेपूट वर करून तळाचं खातात, त्यांची मान पोहोचेल तेवढीच खोली त्यांच्या कामाची. वीस-तीस सेंटिमीटरच्या पुढचं पाणी त्यांना बसायला चालतं, जेवायला नाही. आता धरा की काठाचा उतार 1:50 आहे, म्हणजे पन्नास मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली मिळते. तिथे 20 सेंटिमीटरपर्यंत पाणी असलेला पट्टा 10 मीटर रुंद होतो. असा तीन किलोमीटर काठ असेल तर पक्ष्यांसाठी 3 हेक्टर ताट वाढलेलं आहे. तोच काठ खोदून, दगडी पिचिंग करून 1:2 केला की पट्टा उरतो 40 सेंटिमीटरचा आणि तीन किलोमीटरवर मिळून 12 आर. पाणी तेवढंच, किंबहुना जास्त. आराखड्यावर साठा वाढलेला दिसतो. पक्षी मात्र निघून जातात आणि का गेले ते कुणालाच उमगत नाही, कारण तलाव तर भरलेला असतो.

शिवाय हा पट्टा एका जागी थांबत नाही. पाणी उतरत जातं तसा तो आत सरकतो. रोज हात-दोन हात नवा चिखल उघडा पडतो, त्यात गोगलगायी, शिंपले, अळ्या असतात. मागे राहिलेल्या ओल्या मातीवर कोवळं गवत येतं. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब दिवसा अशा काठावर विसावतात आणि अंधार पडला की आसपासच्या शेतांत चरायला जातात. एका म्हाताऱ्या ढिवर बाबांना मी एकदा विचारलं होतं, की यंदा पाणी लवकर आटतंय, मग पाखरं कमी होतील का? ते जाळं आवरत म्हणाले, “पानी जसं जसं खाली जाते तसे पाखरं येतेत, साहेब. भरल्या तलावात पाखरू काय खाईन?” माझ्या सगळ्या कंटूर रेषांचा निष्कर्ष त्यांना आयुष्यभराच्या मासेमारीतून माहीत होता.

आमच्या झाडीपट्टीतले जुने तलाव याच तऱ्हेचे. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी ते बांधले. गोंड राजांच्या काळी, जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा रिवाज होता असं सांगतात. रचना साधी: उताराची जागा हेरायची आणि खालच्या बाजूला मातीची पाळ घालायची. जादा पाणी जायला सलंग, शेतीला पाणी सोडायला तुडूम. उरलेल्या तीन बाजूंना काहीही करायचं नाही. जमीन जशी आहे तशी हळूहळू पाण्यात उतरत जाते. जुना तलाव म्हणजे परात आणि आजचा खोल केलेला तलाव म्हणजे हंडा, हे मी नव्या पोरांना कागदावर आकृती काढून दाखवायचो. परातीत तीन बाजूंनी देवधान उगवतं, कमळं येतात, शिंगाडा होतो. भर पावसाळ्यात कमळाच्या पानांवर कमळपक्ष्याची अंडी असतात आणि ती नर उबवतो. पाणी सरलं की मोकळ्या जागेत शेतकरी गाळपेर करतात. मासे अंडी घालायला याच उथळ भागात येतात, म्हणून ढिवरांचं पोट याच पट्ट्यावर आहे. पाण्याच्या काठावरची इतकी माणसं आणि इतकी पाखरं एकाच वाफ्यातून जेवत आली.

मध्य प्रांतात मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणं योग्यच होतं. पण पाळीची डागडुजी, तळ्यातल्या वनस्पतींची आणि तुडमाची राखण ही कामं ज्या गावगाड्यातून व्हायची तो मोडला आणि त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे राज्याच्या पाटबंधाऱ्याकडे आणि सगळ्यांचं मिळून एकच नाव, माजी मालगुजारी तलाव. आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आणि बोड्या आहेत.

चंद्रपूरजवळच्या इरई धरणाची गोष्ट निराळी. ते शेतीसाठी बांधलेलं नाही, दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रासाठी बांधलं. शहरालाही त्यातून पाणी मिळतं. सात दरवाज्यांच्या भिंतीकडून बघितलं तर खोल पाणी आणि चिमण्यांचा धूर, पण उत्तरेला मोहर्लीच्या बाजूला गेलं की फुगवट्याचं पाणी जंगलाला जाऊन भिडतं आणि तिथला उतार अगदी मंद आहे. वीज केंद्र बारा महिने पाणी उचलतं, त्यामुळे हिवाळाभर पातळी खाली खाली जात राहते. ज्या यंत्रणेने चंद्रपूरच्या हवेचे हाल केले तिच्याच पाण्यावर आमचे सगळ्यात देखणे पाहुणे उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूरला 83.88 गुण होते आणि ते देशात चौथं होतं. हे दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं झाकलं जाऊ नये. तलवार बदकांचे थवे बसतात म्हणून राखेचं पाणी नदीत जाणं क्षम्य ठरत नाही.

2010 च्या उन्हाळ्यात इरईचा साठा इतका खाली गेला की वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. त्या दिवसांत मी धरणाच्या वरच्या अंगाला गेलो होतो. पाहुणी बदकं केव्हाच परतली होती, पण मैलभर उघड्या पडलेल्या चिखलात उघड्या चोचीचे करकोचे शिंपले फोडत होते, आर्ली आणि टिटव्या होत्या, बगळ्यांची तर मोजदाद नव्हती. चार दिवसांचा तो बाजार होता. पुढे चिखलाला भेगा पडल्या, डबक्यांतले मासे मेले आणि सगळं सामसूम झालं. काठ हवा म्हणजे पाणी नको, असा अर्थ कुणी काढू नये म्हणून हे सांगतो. पाणी हळूहळू उतरलं पाहिजे आणि तळाशी शेवटपर्यंत थोडं राहिलं पाहिजे. जुन्या तलावांत मधोमध असा एक डोह असायचा.

याच्या अगदी उलट पाहायचं असेल तर बंद पडलेली उघडी कोळसा खाण बघावी. शहराच्या भोवती त्या पुष्कळ आहेत. कोळसा काढून झाला की खड्डा पाण्याने भरतो. पाणी निळंशार, भरपूर, उन्हाळ्यातही न आटणारं. पण कडा उभ्या, पहिल्याच पावलाला पुरुषभर खोली. पाणकावळे दिसतात, बंड्या डुबी मारतो, कड्याच्या मातीत वेडे राघू बिळं करतात, एखाद्या कपारीत शृंगी घुबड असतं. बदकं आली तरी दुपारची विश्रांती घेऊन जातात. पाणी आणि पाणथळ यांतला फरक शिकवायला याहून चांगली जागा नाही. खाण बंद करताना एका बाजूची कड कापून उतरती केली, तिच्यावर सुपीक माती टाकली, तर काही वर्षांत तिथे पाणवनस्पती धरू शकते. यंत्रं तिथेच उभी असतात, तेव्हाच हे काम स्वस्तात होतं.

शहरातला रामाळा तलाव गोंडकालीन, परकोटाच्या आतला. जटपुरा वेशीपासून पठाणपुरा वेशीपर्यंत हिंडताना परकोटाच्या भिंतीत पोपट, पिंगळे, पाकोळ्या दिसतात आणि रामाळ्यावर आलं की नाकाला रुमाल लागतो. मच्छी नाल्याचं सांडपाणी त्यात येतं, इकॉर्नियाने, म्हणजे जलपर्णीने, पाणी झाकलं जातं. 2021 च्या फेब्रुवारीत इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. त्यांच्या संस्थेने त्याआधी परकोटाची साफसफाई हाती घेऊन दाखवली होती, त्यामुळे शहराने हे उपोषण मनावर घेतलं. पुढे खोलीकरणाला हात लागला. घाण गाळ निघायलाच हवा होता, त्याबद्दल दुमत नाही. मला एवढंच वाटतं, की शहरी तलाव म्हटला की चहूबाजूंनी भिंत, फरशी, कठडे आणि दिवे, हा जो ठरलेला साचा आहे तो रामाळ्याला बसवू नये. एका बाजूला दोनशे मीटर काठ मातीचा, उतरता आणि अंधारा ठेवला तर शहरातल्या पोरांना शाळेतून पायी जाऊन कमळपक्षी बघता येईल.

आता खोलीकरणाबद्दल. गाळ काढायला माझा विरोध असता तर मी या नोकरीत टिकलोच नसतो. पाऊस बेभरवशाचा झाला आहे, धान हातचं जातं, शेतकऱ्याला पाणी हवं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात जातो, माती सुधारते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रश्न यंत्र कुठे फिरतं याचा आहे. पोकलेन काठावरून खोदत येते, कारण तिथे जमीन कोरडी असते, ट्रॅक्टरला वाट असते आणि घनमीटर लवकर भरतात. मधल्या ओल्या भागात यंत्र रुततं. म्हणजे खोदायला हवं तिथे खोदलं जात नाही आणि हात लावायला नको तो उथळ पट्टा आधी जातो. निघालेल्या मातीचे ढीग उरलेल्या काठावर पडतात, पहिल्या पावसात परत तलावात येतात. मोजमाप पुस्तकात घनमीटर बरोबर असतात. काठासाठी त्यात रकानाच नाही.

पाळीवरच्या झाडांचा वाद असाच नाजूक. नियम सांगतो की मातीच्या पाळीवर मोठी झाडं नकोत, मुळं कुजली की त्यांच्या वाटेने पाणी झिरपतं आणि पाळ फुटते. हे खरं आहे. पण मामा तलावांच्या पाळींवर मोहाची, अर्जुनाची, चिंचेची झाडं कैक पिढ्यांपासून आहेत आणि त्यांच्या ढोलीत काणूक बदक आणि अडई अंडी घालतात. बदकं झाडात घर करतात, हे ऐकून आमचे ठेकेदार हसायचे. अशा ठिकाणी मी सुचवत आलो की झाड तोडण्याआधी पाळीचा पायथा बघा. ओल नसेल तर झाड राहू द्या आणि नवी झाडं पाळीपासून दूर, पाण्याच्या वरच्या बाजूला लावा. काही ठिकाणी ऐकलं गेलं.

कायद्याचा आधार शोधायला गेलो तेव्हा अडचण कळली. पाणथळ जागांचे 2017 चे नियम मुळातच माणसाने पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळतात. आमच्या दोन जिल्ह्यांतला जवळजवळ प्रत्येक तलाव सिंचनाचा. म्हणजे ज्या पाण्यावर पूर्व विदर्भातले पाणपक्षी जगतात ते पाणी नियमाच्या लेखी पाणथळ नाही. आणि महाराष्ट्राची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, 2020 मध्ये जाहीर झालेलं नांदूर मधमेश्वर, आहे काय? गोदावरीवर कालव्यांसाठी घातलेला बंधारा, गाळ साचून उथळ झालेला. तिथला गाळ आपण जगाला अभिमानाने दाखवतो.

सारसाचं दुखणं याच पट्ट्याचं आहे. माणसाच्या उंचीचा हा पक्षी धानाच्या बांधीत आणि तलावाच्या उथळ कडेला घरटं करतो. गोंदिया जिल्ह्यात मोजके सारस उरले आहेत, आमच्याकडे जवळजवळ नाहीतच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये या विषयाची स्वतःहून दखल घेतली. काम करणारी माणसंही आहेत. अर्जुनी मोरगावच्या बाजूला मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातल्या बायांनी तलावांतली बेशरम उपटून काढली, तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या. आधी मासे परतले, मग पाखरं. तिथे कुणी पक्ष्यांसाठी वेगळा खर्च केला नाही. ढिवरांच्या ज्ञानावर विश्वास ठेवला.

मी आता निवृत्त आहे. ‘पाखरांसाठी आम्ही काय करू’ असं कुणी विचारलं तर मी दुर्बीण घ्या असं सांगत नाही. तुमच्या गावच्या किंवा वॉर्डातल्या तलावाच्या खोलीकरणाचा वा सुशोभीकरणाचा आराखडा मंजुरीला येईल, त्या ग्रामसभेला किंवा सुनावणीला जा. आडवा छेद दाखवा म्हणा. तो कागद प्रत्येक कामाला असतो आणि तो वाचायला दहावीचं गणित पुरतं. उतार 1:2 लिहिलेला दिसला तर विचारा, हा पाळीचा आहे की चारही बाजूंचा? पिचिंग फक्त पाळीला करा, खोदकाम मधोमध करा, गाळ काठावर टाकू नका आणि पाळीसमोरच्या बाजूला निदान 1:50 चा उतार सोडा, अशा चार ओळी ठरावात लिहून घ्या. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेला त्या बैठकीत बोलवा. हे सगळं, काम सुरू होण्याआधी, मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत करा. पोकलेन एकदा काठावर उतरली की उशीर झालेला असतो.